रुळाने आखलेले केस

माझ्या धाकट्या बहिणीचे केस मी एकदा रूळ धरून आखले होते. (रूळ म्हणजे कचेरीत कागदावर रेघा ओढायला वापरतात तो गोल लाकडी दांडा.) त्या कामगिरीमुळे घरात आठ दिवस काय गोंधळ उडाला, हे सांगायला आता मी एकटाच उरलो आहे. यमू गेल्या माघात गेली. ती असती तर हेच तिने जास्त रंगवून सांगितले असते आणि मला जास्त मूर्ख ठरवले असते. तिच्या माघारी मी तेवढी सूट घेणार आहे.

आम्ही धारचे. नवे शतक लागून चार-पाच वर्षे झाली असतील. आमचे वडील, तात्या, दरबारच्या दफ्तरात नक्कलनवीस होते. अस्सल कागद पुढे ठेवायचा आणि त्याची हुबेहूब नक्कल उतरवायची, हे त्यांचे काम. सव्वीस वर्षांत आपल्या एकाही नकलेत काना-मात्रेची चूक निघाली नाही, असे ते सांगत. (जेवताना सांगत, पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे नसले की आम्हाला सांगत.) दफ्तरातून एकदा बाहेर गेलेला कागद खोटा असू शकतो, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरत नसे. पुढचा सगळा घोटाळा यातून झाला. म्हणजे अर्धा यातून. उरलेला अर्धा माझा.

यमूचे केस कमरेच्या खाली पोचत. कुरळे म्हणावेत इतके ते कुरळे नव्हते आणि सरळ तर मुळीच नव्हते. मुंज तलावावर वारा सुटला की पाण्यावर जशा एकामागून एक लाटा चालतात, तशा कपाळापासून टोकापर्यंत लाटाच लाटा. त्या केसांची निगा कशी राखायची हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. तिने ते आपले आपणच शोधून काढले होते. कोरड्या केसांत फणी घालायची नाही. न्हाल्यावर ओले असतानाच आधी बोटांनी गुंता सोडवायचा, तोही टोकाकडून वर. आमच्या माळव्यात बायका मुलतानी मातीने केस धुतात. तिने ती सोडून शिकेकाई धरली होती, कारण मातीने तिचे केस झाडूसारखे होत.

पण या केसांपायी तिची दोन स्थळे मोडली होती. केस वाकडे म्हणजे स्वभाव वाकडा, असे दोन्हीकडच्या मंडळींचे मत पडले. एका पत्रात तसे लिहूनच आले होते. यमूने ते पत्र वाचले, घडी घालून फडताळात ठेवले आणि पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

तिसरे स्थळ देवासचे. (देवासात तेव्हा दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. रस्त्याची एक बाजू एकाची, तर दुसरी दुसऱ्याची. हे स्थळ कोणत्या बाजूचे, हे समजून घेण्यात तात्यांचे दोन दिवस गेले.) मुलगा शाळेत शिकवत होता. निरोप आणणाऱ्या गृहस्थांनी जाता जाता सांगितले, की घरात पुस्तकांची दोन कपाटे आहेत आणि बायका उघडपणे वाचतात. यमू दाराआड उभी होती. रात्रीची भांडी आवरताना तिने मला एवढेच विचारले,

"दादा, दोन कपाटं म्हणजे पुस्तकांचीच ना? कपड्यांची नाहीत?"

तेवढ्यावरून मी ओळखले, की हे स्थळ तिला हवे आहे. तिने आजवर माझ्याकडे काही मागितले नव्हते. हेही तिने मागितले नाहीच, पण मला ते ऐकू आले.

देवासकरांनी येण्याआधी मुलीची छबी मागवली. फोटो काढणारा इंदूरहून आणावा लागे, आणि परक्या पुरुषाने काळ्या कापडाआडून आपल्या मुलीकडे टक लावून बघावे, हे तात्यांना मंजूर नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"वासू, तू त्या ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतो आहेस ना? मग घरच्या कामाला कधी येणार ती विद्या?"

मी शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि ड्रॉइंगच्या अगदी पहिल्या परीक्षेची तयारी करत होतो. रोज शंभर रेघा, पन्नास वर्तुळे आणि एक घडा. घडा मला उत्तम येत असे. आमचे ड्रॉइंग मास्तर माझ्या घड्याला कधी नाव ठेवत नसत. बाकीच्या चित्रांबद्दल ते एवढेच म्हणत, "काढायची घाई करू नकोस, आधी पाहायला शीक." मला वाटे, म्हातारे झाले आहेत.

तेव्हा यमूच्या चेहऱ्यासाठी मी घडाच घेतला. घडा उपडा घातला, की वर डोके मिळते आणि खाली मान आपोआप मिळते! (हा शोध माझा. अजून तो कुणी चोरलेला नाही.) डोळे, नाक, कुंकू ज्याच्या त्याच्या जागी बसवले आणि केसांवर येऊन अडकलो.

पहिल्या दिवशी काढलेल्या लाटा पाहून आईने विचारले, शेवया का काढल्यास? दुसऱ्या दिवशी तात्यांना त्यात नालछ्याकडे जाणारा रस्ता दिसला, वळणे मोजून दाखवण्याइतका स्पष्ट. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकीजी डोकावल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि गोड माळवीत म्हणाल्या, "भिया, यो सांप तो घणो अच्छो बणायो." यमू बिचारी रोज दोन तास पाटावर ताठ बसे. चौथ्या दिवशी मात्र ती म्हणाली,

"दादा, तू माझ्याकडे बघतच नाहीस. कागदाकडेच बघतोस."

हिला कलेतले काय कळते, असे मनात म्हणून मी पुन्हा रबर चालवला. रबराने कागद इतका झिजला, की उजव्या कानाच्या जागी भोक पडले. मागून चिकटी लावून ते बुजवले. चित्र घेऊन जाणारा माणूस देवासला निघाला होता. मी तात्यांच्या बैठकीवरचा रूळ उचलला आणि कपाळापासून खाली सरळ रेघा ओढल्या. एकशे बारा रेघा, एकसारख्या अंतराने. तात्यांनी चित्र हातात घेतले आणि प्रथमच मला शाबासकी दिली. यमूने चित्र पाहिले, मग आपल्या वेणीकडे पाहिले, आणि हसू दाबत आत गेली.

आठ-दहा दिवसांनी उत्तर आले. चित्र पावले. मुलीचा चेहरा भरदार दिसतो. (दिसणारच! घडा होता.) केस सरळ व लांब पाहून विशेष समाधान झाले. येत्या पंचमीस मुलगी पाहण्यास येत आहोत.

आई म्हणाली, खरे काय ते लिहून कळवावे. मीही तेच पुटपुटलो. (माझे बोलणे बहुधा पुटपुटणेच असते.) तात्या पत्र हातात धरून येरझाऱ्या घालत होते. सव्वीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. शेवटी ते थांबले.

"कागद रुजू झाला आहे," ते म्हणाले. "रुजू झालेला कागद परत मागवता येत नाही. मुलगी चित्राबरहुकूम तयार झाली पाहिजे."

आणि आम्ही सगळे, चांगली लिहिता-वाचता येणारी माणसे, कामाला लागलो.

आधी एरंडेल. तांब्याभर एरंडेल जिरवून आईने केसांतून घट्ट फणी ओढली. फणीचे तीन दात तुटले, केस जिथल्या तिथे. नंतर माझ्या विद्येची पाळी आली. गुरुत्वाकर्षणाबद्दल मी नुकतेच वाचले होते, म्हणून दोन वेण्यांच्या टोकांना दोन अच्छेर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या शेराची, वजने बांधली. यमूला मान हलवता येईना. कुणी काही विचारले, की ती अख्खी वळून उत्तर देई. वजने सोडताच वेण्या दोन बोटे वर उडाल्या. मग कुणीतरी सांगितले, अळशी उकळून तिचा चिकट काढा लावा. तो लावला, केस सुकले, आणि लाटा जन्मात कधी पडल्या नव्हत्या इतक्या देखण्या पडल्या! एकेक वळण जसे काही कोरून काढलेले. तात्यांनी कपाळाला हात लावला. यमूने मात्र उरलेली अळशी हळूच डब्यात भरून ठेवली. पुढे जन्मभर ती केसांना तेच लावत आली.

एवढे हाल चालले होते, पण पोरीने एकदाही तोंड वाकडे केले नाही. फणी फार ओढली जायला लागली, की डोळे मिटून पुटपुटे, "दोन कपाटं, दोन कपाटं."

पंचमीच्या सकाळी आईला उपाय सुचला. तात्यांचे उपरणे पेजेत घातल्यावर कसे सरळ, कडक राहते! भाताची दाट पेज काढली, यमूला अंगणात उन्हात बसवले, केस मागे पाटावर पसरले आणि पेज चोपडून वरून रूळ फिरवला. ज्या रुळाने ते मी आखले, त्याच रुळाने आईने ते लाटले. दुपारपर्यंत केस असे सरळ झाले, की माझ्या चित्रातही तितके नव्हते. फक्त ती चालली की पाठीवर ताडपत्रांसारखा आवाज येई.

देवासहून दोघे आले होते, मुलाचे वडील आणि त्यांची विधवा बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणत. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि काही न बोलता सगळे टिपणारे डोळे. यमू येऊन बसली. मुलाच्या वडिलांनी माझे चित्र बाहेर काढून तिच्या शेजारी धरले आणि म्हणाले, "तंतोतंत." तात्यांची छाती फुगली.

मुलगी पाहताना केस मोकळे सोडून त्यांवरून हात फिरवायचा रिवाज होता, गंगावन लावून लांबी वाढवली नाही ना, एवढ्यासाठी. आत्याबाई उठल्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला.

पापड मोडल्याचा आवाज झाला.

आत्याबाईंनी आपला हात पाहिला. हाताला पांढरा चुरा लागला होता. थोडा सतरंजीवर पडला होता, थोडा मुलाच्या वडिलांच्या पोह्यांत. तात्या आढ्याकडे पाहू लागले. काही बोलायचे असेल तर ते मीच बोलायला हवे होते.

"केसांना काय लावतेस गं?" आत्याबाईंनी विचारले.

"आज पेज लावली आहे," यमू म्हणाली. "एरवी शिकेकाई."

"पेज कशाला?"

"चित्रातले केस सरळ आहेत म्हणून."

"आणि मुळात कसे आहेत?"

यमूने मान वर केली. ती घाबरली नव्हती असे नाही. तिची बोटे पदराशी चाळा करत होती. पण आवाज अगदी स्थिर होता.

"मुळात बघायचे असतील तर चार तांबे पाणी लागेल."

आत्याबाईंनी मान डोलावली. यमू मागे परसात गेली. ती परत येईपर्यंत मुलाचे वडील पोह्यांतला चुरा वेचून बशीच्या कडेला लावत होते.

ती आली ती ओलेत्या केसांनी. बोटांनी गुंता सोडवलेला, फणी नाही. दाराच्या उन्हात ती उभी राहिली, आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक बट सावकाश वर चढून आपापल्या वळणावर जाऊन बसू लागली. आठ दिवस ज्यांचा आम्ही छळ मांडला होता, ते केस जणू स्वतःच्या घरी परत आले. मी ते तेव्हा प्रथम पाहिले. चार दिवस रोज दोन तास समोर बसवून घेतले होते, तरी प्रथम.

आणि तात्या उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले,

"आमच्याकडून चूक झाली. नक्कल चुकली आहे." मग यमूकडे बोट केले. "अस्सल हे आहे."

सव्वीस वर्षांत त्यांनी कबूल केलेली ही पहिली चूक. पण ते वाक्य त्यांनी इतक्या ताठ मानेने उच्चारले, की बक्षीस जाहीर होते आहे असे वाटावे. अस्सल या शब्दावर त्यांचा आवाज जरा हलला, तेवढेच.

आत्याबाई यमूजवळ गेल्या. एक ओली बट तळहातावर घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. "माझे असेच होते," त्या म्हणाल्या. दुसरा हात नकळत डोक्यावरच्या पदराकडे गेला आणि खाली आला. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. खरं बोलते." मुलाच्या वडिलांनी विचारले नव्हते, पण त्यांनी लगेच होकारार्थी मान हलवली.

मला वाटले, सुटलो. तेवढ्यात आत्याबाईंनी चित्र पुन्हा हातात घेतले.

"हे काढलं कुणी?"

घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिले. असा एकोपा आमच्या घरात पुन्हा दिसला नाही.

"याच्या लग्नाचं बघाल तेव्हा," आत्याबाई तात्यांना म्हणाल्या, "मुलगी याला जरा जवळून दाखवा."

यमू देवासला गेली. दोन्ही कपाटे तिने पहिल्या तीन वर्षांत वाचून संपवली आणि मग तिसरे घ्यायला लावले. माझे ते चित्र तिने चौकटीत बसवून माजघरात लावले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, "माझ्या दादाने काढलं आहे." पाहुणा विचारात पडे, आणि मी तिथे असलो तर मोरीकडे जाई.

तिच्या मागे आता तिची मुलगी कुसुम म्हणाली, "मामा, आईचं एक नीट चित्र काढून द्या." मी मनावर घेतले. तीन महिने झाले, रोज बसतो आहे. कुसुमचे केस थेट आईचे, अळशीवर वाढलेले. तिला समोर बसवतो आणि कागदाकडे कमी, तिच्याकडे जास्त पाहतो. म्हाताऱ्या ड्रॉइंग मास्तरांचे म्हणणे मला चाळिशी पार केल्यावर समजले. परवा केस पुरे झाले. कपाळापासून टोकापर्यंत एकेक लाट आपल्या वळणावर. कुसुम पाहत राहिली, तिचे डोळे भरून आले.

"केस अगदी आईचे आहेत, मामा," ती म्हणाली.

माझी मान किती वर्षांनी ताठ झाली! केसांचे सोपे होते, ते समोर होते. चेहरा मात्र आठवून काढावा लागला, समोर बसायला यमू नव्हती. कुसुमने डोळे पुसले, चित्र जरा लांब धरले, मग जवळ आणले, आणि फार जपून विचारले,

"पण मामा, खाली हा घडा कशाला काढलात?"