नाव न लिहिलेले कागद

माझी ताई धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालायची आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजात जायची. बीएचं शेवटचं वर्ष, विषय औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्र. एवढं नाव एका दमात म्हणून दाखव, असं मी तिला चिडवायचो. माणूस कामावर का पिचतो हे कळायला पुस्तक कशाला हवं? आमच्या मुकादमाच्या हाताखाली एक पाळी काढली की पुरे.

मुकादम मारायचा. ओल्या चादरीला पीळ घालून तिचा दोरखंड करायचा आणि पाठीत हाणायचा. वळ उठायचे, कातडी फुटायची नाही, म्हणजे दाखवायला जखमही नाही. ताईने दोनदा मार खाल्ला होता. काकूने किती वेळा, ते तिलाच ठाऊक. आई गेल्यावर आम्हा दोघांना वाढवलं ते काकूने, त्याच कारखान्यात बावीस वर्षं इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये चादरी सरकवून. मी बाहेर गाडीत गठ्ठे भरायचो. फटक्यांचा आवाज यायचा, मी दातओठ खायचो आणि पुढचा गठ्ठा उचलायचो. तिघांचंही पोट तिथेच होतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. ताईने प्रश्नावली काढली: कामावर तुम्हाला कुणी मारतं का, तुम्ही कुणाला मारता का? मालकाने परवानगी दिली, पण निकालाचा तक्ता आपल्याला मिळालाच पाहिजे, या अटीवर. कागदावर नाव नाही. फक्त काम कोणतं आणि नोकरी किती वर्षांची.

"मला नको गं यात ओढूस," काकू म्हणाली.

"काकू, तुझी शपथ. कुणाला कळणार नाही."

काकूने भरला. मुकादमानेही भरला, अगदी ऐटीत.

तक्त्यात एक ओळ होती: गरम रोलर, वीस वर्षांहून जास्त नोकरी, मार खाल्ला – एक. यावरून माणूस ओळखू येतो हे ताईला दिसलं नाही, तिच्या प्राध्यापक बाईंना दिसलं नाही. मालकाच्या टेबलावरचा तक्ता पाहून मुकादमाला उभ्या उभ्या दिसलं. वीस वर्षं नोकरी झालेली बाई रोलरवर काकूशिवाय होतीच कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काकूची मानगूट धरली. "माझी चुगली करतेस?" म्हणाला आणि तिला पुढे रेटलं. उजवा हात चादरीबरोबर आत गेला. ती किंकाळी मी गाडीपाशी ऐकली. धावत आलो तोवर कुणीतरी रोलर थांबवला होता, पण कातडी त्याला चिकटलेली होती. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. दोन बोटं डॉक्टरांनी काढूनच टाकली.

मी गाडीतला लोखंडी पाइप आणला आणि मुकादमाच्या गुडघ्यावर घातला. पाइप हाडावर बसल्याचा आवाज आला, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पहारेकऱ्यांनी मला आडवं पाडून लाथांनी तुडवलं. दोन बरगड्या गेल्या, नोकरी गेली. पोलिसांनी बायकांना विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या, "म्हातारीचा तोल गेला."

ताईने घरी पेटीतून एक कागद काढला. काम: मुकादम. नोकरी: चौदा वर्षं. हाताखालच्यांना मारता का? खाली त्याच्याच अक्षरात: होय, रोज. त्याशिवाय या बायका हलत नाहीत.

"दे पोलिसांना!" मी ओरडलो.

"नाही देता येत. गुप्त ठेवीन म्हणून शब्द दिलाय."

"काकूलाही दिला होतास!"

तिने कागद पुन्हा पेटीत ठेवला. मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. हात खाली आला तेव्हा मला माझीच किळस आली, पण माफी मागायला तोंड उघडेना.

पुढचं मला घड्या घालणाऱ्या एका बाईने सांगितलं, कारण मला फाटकाच्या आत येऊ देत नव्हते. आठव्या दिवशी मुकादम काठी टेकत कामावर आला. भर पाळीत ताई त्याच्यापुढे उभी राहिली. "हा तुमचा कागद. पोलिसांना द्यायला तुमची परवानगी पाहिजे. नसेल द्यायची तर हा घ्या परत."

त्याने वाचला, फाडला आणि काठी उलटी धरून तिच्या तोंडावर मारली. ती पडली तरी मारतच राहिला. ओठ फाटला, पुढचे दोन दात तुटले, पांढऱ्या चादरी लाल झाल्या. ताईने हात वर केला नाही. मग एका बाईने यंत्र बंद केलं, दुसरीने दुसरं. एकवीस वर्षांच्या एका पोरीने मागून येऊन त्याची काठी हिसकली आणि त्याच्याच पाठीत घातली. सगळ्या काही धावल्या नाहीत. अकरा जणी ओल्या कपड्यांनिशी पोलिसांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हेही पाहिलं, रोलरचंही पाहिलं. संध्याकाळी मुकादम कोठडीत होता.

ताई टाके घालून घरी आली ती थेट काकूच्या खाटेशी. तोंड सुजलेलं, शब्द धड फुटत नव्हते. काकू हात जळाल्यापासून तिच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. ताईने सगळं सांगितलं आणि विचारलं, "काकू, मला माफ करशील?"

काकूने डाव्या हाताने तिच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं.

"परीक्षा दे. चांगली पास हो," ती म्हणाली. "पण मला पुन्हा कधी काही विचारू नकोस."