खिशातला फ्यूज

अण्णांच्या शर्टाचा डावा खिसा कायम ओघळलेला असे. त्यात विडी नसे, चष्मा नसे. कुणाच्या तरी घरच्या मेन स्विचमधून काढलेला चिनीमातीचा पांढरा फ्यूज असे. मंडणगडच्या बाजूच्या आमच्या वाडीत वायरमन ते एकटेच. कामाला हात घालण्याआधी ते फ्यूज उपसून खिशात टाकत आणि वरून बटण लावत. म्हणत, "मेन बंद हाय, असं माणूस सांगतो. माणूस विसरतो. फ्यूज माझ्या खिशात हाय तोवर कोणीही विसरा."

ते स्वतःही विसरत. एकदा एका घरचा फ्यूज खिशात ठेवून लग्नाच्या पंगतीला बसले. त्या घरचा माणूस शोधत मांडवात आला. "अण्णा, आमचा उजेड घेऊन जेवताय काय?" अण्णांनी पान पूर्ण संपवलं, मगच उठले.

माझ्या बारावीच्या वर्षी आईने लोकांची दळणं करून द्यायला घरघंटी घेतली. बाबा मुंबईला गोदामात कामाला. आमच्या घरात तोवर कुणीच कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा फोनवर म्हणाले होते, "घरघंटी चालली तर तू रत्नागिरीला कॉलेजला जा. नाय चालली तर बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय, ते मला माहीत होतं.

पण आमच्या बोर्डात भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारे चारच ब्रेकर बसत आणि चारही जागा भरलेल्या होत्या. अण्णा नेमके सावर्ड्याला लेकीकडे गेलेले. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, थोडं पुस्तकी ज्ञान होतं, आणि घाई फार होती. मी घरघंटीची तार पंपाच्या ब्रेकरमध्येच घुसवून आवळली. पंप आणि घरघंटी एकदम चालली की ब्रेकर पडायचा. बाबा सुट्टीला येताना त्याहून मोठा ब्रेकर घेऊन आले. तोही मीच बसवला. मग तो पडेना. आईने देवापुढे साखर ठेवली, बाबा निश्चिंत होऊन मुंबईला परतले.

चार दिवसांनी अण्णा चहाला आले. कप ओठांशी नेऊन थांबले.

"वास कसला गो हा?"

"पिठाचा," आई म्हणाली.

"पिठाला असा वास येत नाय."

त्यांनी बोर्ड उघडला. तारेचं वरचं आवरण मऊ पडून तपकिरी झालं होतं. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी "मी" म्हटलं, पण ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

अण्णा रागावले नाहीत. "ब्रेकर पडत होता तो तुला सांगत होता. तू त्याचं तोंड बंद केलंस."

"बोर्डात जागाच नव्हती, अण्णा."

"सौदीत कामाला असताना एकाच्या जागेत दोन बसणारे ब्रेकर बघितलेत मी. पण त्यानं जागा वाढते गो. तार तेवढीच राहते."

एवढं बोलून त्यांनी आमचा फ्यूज उपसला, खिशात टाकला, बटण लावलं आणि चपला घातल्या.

"अण्णा, लोकांची दळणं पडलीत!" आई दारापर्यंत धावली.

"दळणं उद्या होतील. घर जळलं तर ते उद्या होईल काय?"

बाबांनी फोनवर बराच आवाज चढवला. अण्णांनी तो ऐकून घेतला, पण फ्यूज दिला नाही.

सकाळी ते आठ ब्रेकर बसणारा बोर्ड आणि जाड तारेचं वेटोळं घेऊन हजर. "तू जोडलीस, तूच सोड," म्हणून जळकी तार मलाच काढायला लावली. घरघंटीला बोर्डापासून थेट स्वतंत्र तार ओढली. वीज कंपनीकडून घराचा भार वाढवून घ्यायचा अर्जही माझ्याकडूनच लिहून घेतला. दोनदा फाडला, तिसरा चालला. शेवटी झाकणाच्या आत कागद चिकटवून पेन्सिलीने लिहिलं: पंप, घरघंटी, दिवे... दोन ओळी कोऱ्याच ठेवल्या.

"या कशाला, अण्णा?"

"घर वाढतं गो. आज ठाऊक नाय त्याला पण जागा ठेवायची."

घरघंटी चालली. मी रत्नागिरीला इलेक्ट्रिकलला आले. वर्गात मी बहुतेक गप्प असते. बाकीच्यांचं इंग्रजी ऐकूनच हात खाली राहतो. पण तार तीच ठेवून मोठा ब्रेकर का बसवायचा नाही, असं सरांनी विचारलं, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. तो वास मला सांगता आला.

अण्णांना आता कमी दिसतं. काम सोडून ते सावर्ड्याला लेकीकडेच राहतात. गेल्या शिमग्याला घरी गेले तर आईने मसाला दळायला दुसरं यंत्र आणून ठेवलेलं. मेन बंद करून मी फ्यूज उपसला आणि अडले. माझ्या ड्रेसला खिसाच नव्हता. आईने हात पुढे केला, फ्यूज घेतला, पदराच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचला.

तार ओढून झाली. जोडण्याआधी अण्णांना फोन लावला. मी अजून काही सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, "फ्यूज कुठं हाय?"

"आईच्या पदरात बांधलाय."

अण्णा म्हणाले, "मग जोड."

जोडून झाल्यावर मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या अक्षराखालची एक ओळ भरली. दुसरी अजून कोरी आहे.