बाप्पा रॉकेटात बसले तेव्हा

भारताचं नवं मोठं रॉकेट समुद्रात पडलं, तेव्हा सगळ्या देशाला वाईट वाटलं. आमच्या गावात मात्र नुसतं वाईट वाटून भागण्यासारखं नव्हतं. आमचे गणपती त्यात बसलेले होते.

नीट सांगतो. साल त्र्याण्णव. मुधोळजवळचं आमचं गाव तेव्हा आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. मंडळाचा देखावा वर्षानुवर्षं एकच: गोणपाटाचा कैलास, त्याला निळा रंग, आणि शंकराच्या जटेतून नळीनं सोडलेली गंगा, जी आरतीच्या ऐन वेळी आटायची. त्या वर्षी माझी थोरली बहीण, मुधोळच्या शाळेत गणित शिकवणारी आमची अक्का, थेट मंडळाच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"यंदा देखावा मी करते. रॉकेटाचा."

बैठकीत बाई आली, याचाच धक्का अजून ओसरला नव्हता. अध्यक्ष होते गावातले किराणा दुकानदार. त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोरी, ते रॉकेटं पडते ना? मागं दोनदा पडले."

"म्हणून तर त्याईनं नवीन केलं, काका. आपल्याच राज्यातून उडून राह्यलं, श्रीहरिकोट्याहून. गणपती बसले की दुसऱ्याच दिवशी."

"करू देतो," अध्यक्ष म्हणाले. "पण हसं झालं, तर मांडवाचं काम पुन्हा बाईमाणसाच्या हाती नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

मग काय विचारता! बांबूचा सांगाडा उभा राहिला. त्यात पऱ्हाट्या विणल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली ती वाळकी झाडं चुलीखेरीज आणखी कशाच्या कामी येतात, हे गावाला पहिल्यांदाच कळलं. वरून पांढरा कागद आणि तिरंगी पट्टा. खाली धूर म्हणून गेल्या हंगामातला कापूस पिंजून पसरला. असला शुभ्र धूर कुठल्याच रॉकेटानं कधी सोडला नसेल. आणि रॉकेटाच्या पोटात कमान कापून तिथे बाप्पांची स्थापना. माइक माझ्याकडे. मी मराठीतून, तेलुगूतून आणि हिंदीतून उलटी मोजणी म्हणायचो. तिसऱ्या भाषेत निम्म्यावर पोचेपर्यंत भटजी वैतागून घंटा बडवायला लागायचे.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात रेडिओ ठेवला. रॉकेट उडालं. आम्ही नारळ फोडला. खोबरं वाटून संपलं आणि दुपारच्या बातम्यांत सांगितलं, की रॉकेट उपग्रहासकट समुद्रात पडलं.

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं आमच्या मांडवासमोर हजर. "काऊन हो, तुमी तर दहा दिवसाचे गणपती बसवता ना? तुमच्या रॉकेटाचं दीड दिवसातच विसर्जन झालं म्हणते!"

खरं सांगू? मलाही हसू आलं. अक्काकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

अध्यक्ष तावातावानं आले. "उतरवा ते! बाप्पाले पडक्या रॉकेटात बसवते का कोणी?"

"उतरवा म्हणता, पण मूर्ती?" भटजी म्हणाले. "प्राणप्रतिष्ठा झाली आहे. उत्तरपूजेआधी मूर्तीला हात लावता येत नाही. आणि रॉकेट उतरवायचं तर ते मूर्तीभोवतीच बांधलेलं."

देवाला कैलासावर बसवलं असतं, तर ही पाळी आली नसती. कैलास पडल्याचं रेडिओवर कधी सांगत नाहीत. शेवटी अध्यक्षांनी तोड काढली: उद्या रॉकेटाला गोणपाट गुंडाळायचं, निळा रंग मारायचा, की झाला कैलास.

"उद्याच्या आरतीपर्यंत थांबा, काका," अक्का म्हणाली. "मग तुमच्या मनासारखं करा."

दुसऱ्या दिवशी नांदेडहून बसनं येणारं वर्तमानपत्र तिनं स्टँडवरच गाठलं आणि तिथंच उभ्यानं वाचून काढलं. घरी आली ती माझ्याकडे मागायलाच लागली: "रंगीत बल्ब आण. हिरवे जास्त. लाल एकच."

आरतीच्या वेळी रॉकेटाचे खालचे दोन टप्पे हिरवे उजळले होते. त्यांच्या वर, सांध्यापाशी, एकच लाल दिवा. मी माइक हातात घेतला. असा प्रयोग मला पुन्हा मिळाला नाही. "मायबाप हो! हे हिरवं पाहा, एवढं सगळं बरोबर चाललं. आणि इथं, वरचा भाग सुटताना, रॉकेट कललं. हे मी सांगत नाही. ज्यांनी रॉकेट बांधलं, त्यांनीच सगळ्या देशाला सांगितलं!"

हे बोलता बोलता माझंच मन भरून आलं. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं नाही, तरी मालक वर्षभर सांगतो की खाली ओल दिसून राह्यली. आणि ही माणसं, कित्येक वर्षांची मेहनत समुद्रात गेल्यावर, दुसऱ्या दिवशी शांतपणे सांध्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, इथं चुकलं, पुन्हा करू. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्या संध्याकाळी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

लोक हलेनात. कापूसवेचणीला जाणारी एक म्हातारी लाल दिव्याकडे बराच वेळ पाहत होती. "म्हंजे कपाशीचं झाड जोमात आलं, अन् बोंडं धरायच्या आधीच पात्या गळल्या," ती म्हणाली. "होते तसं. झाड उपटून टाकत नाही कोणी." मागच्या गल्लीतली पोरंही आली होती. टोमणा मारायलाच आली होती. पण एकानं अक्काला विचारलं, की टप्पा सुटतो म्हणजे नेमका कसा सुटतो. झालं! अक्कानं खडू काढला आणि मांडवाच्या फळीवर शाळा भरवली.

गोणपाटाचा गठ्ठा कोपऱ्यात तसाच पडून होता. अध्यक्ष गर्दीच्या मागून बराच वेळ पाहत उभे होते. मग पुढे आले, माझ्या हातातला माइक बाजूला सारला आणि अक्काला म्हणाले, "राहू दे. पण तो लाल दिवा जरासा लहान लाव."

"नाही लावणार, काका," अक्का म्हणाली. काका हात जोडून आरतीला उभे राहिले.

पुढच्या वर्षी तसंच रॉकेट सरळ वर गेलं आणि उपग्रह जागेवर सोडून मोकळं झालं. पण ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. गणपती त्याच्या महिनाभर आधीच येऊन गेले होते, आणि त्यांच्याही आधी, श्रावणातच, अध्यक्षकाका आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा संपेपर्यंत पावसापाण्याचं बोलले. मग बशी खाली ठेवून त्यांनी आतल्या खोलीकडे आवाज टाकला.

"काऊन वं पोरी, यंदा काय पाडतं?"