माझ्या कादंबरीत कबड्डी नाही

"ताई, छान लिहिलंय हो, पण यात कबड्डी कुठंय?" पुण्याच्या प्रकाशकांनी फोनवर विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

ऐन विशी मी कबड्डीत घालवली. पगारी खेळाडू होते, चढाईला जायची. गुडघा गेला, खेळ सुटला, लग्न होऊन इकडे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आले. नवरा फार्मसिस्ट. तो कामावर गेला की मी लिहायला बसायची. बसायची कसली, गॅरेजमध्ये उभी राहायची! फरशीवर पांढरी टेप चिकटवलीय, ती माझी मध्यरेषा. वाक्य जुळलं की भिंतीला हात लावायचा आणि एका दमात ते मोठ्यानं म्हणत टेपवर परत यायचं. वाटेत दम तुटला तर वाक्य बाद. शेजारच्या बाई कचऱ्याची बिन ओढताना थबकतात, 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणतात आणि घाईनं आत जातात. जाऊ देत.

कादंबरी आहे अवोन्डेलमध्ये डेअरी चालवणाऱ्या एका विधवेची. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दीर म्हणतो विकून टाक, ती अडून बसलीय. तिनं उभ्या जन्मात कबड्डी पाहिलेली नाही. शेवटचं प्रकरण सोडून सगळी मी प्रकाशकांना पाठवली होती.

"तिला माजी खेळाडू करून टाका," प्रकाशक म्हणाले. "कव्हरवर तुमचा चढाईचा फोटो. नाहीतर छापणं अवघड आहे."

फोन स्पीकरवर होता. संध्याकाळच्या पाळीचा डबा भरता भरता नवरा खुणा करायला लागला, हो म्हण, हो म्हण. मी फोन म्यूट केला.

"एक चॅप्टर घाल की गं. काय बिघडतंय?"

"तू बाटलीवर भलतंच लेबल लावशील का रे?"

मी म्यूट काढला.

"साहेब, खेळत होते तेव्हा चढाईआधी कुणी मला कविता म्हणायला लावली नाही. आता लिहितेय तर मांडी थोपटून दाखवू होय? जमायचं नाही."

"मग ताई, आमच्याकडून नाहीच समजा."

"समजले," म्हटलं आणि फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. इतकी वर्षं घातली होती त्यात. पण राग त्याहून मोठा. गॅरेजमध्ये गेले, पायातल्या जँडल्स भिरकावल्या आणि टेपवर उभी राहिले.

पाठोपाठ नवरा आला. आता समजूत घालणार, म्हणून मी तोंड फिरवलं. तेवढीच कादंबरी त्याच्या फोनवरही मीच टाकली होती, पण शाळा सुटल्यापासून ज्यानं एक गोष्ट वाचली नाही तो ती उघडेल असं मला वाटलं नव्हतं. डबा हातात धरून तो दारातच घुटमळला.

"ए, ती दुकान विकते का गं शेवटी?"

वाचली होती की यानं! कबड्डीचं नाव नाही, माझ्या फोटोचं नाव नाही.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "छापून येईल तेव्हा विकत घेऊन वाच."