आमचे घरमालक कचेरीत बसतात

जिल्हा नवा झाला त्या वर्षी बाबा एका संध्याकाळी घरी आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आजपासून आपण पट्टेदार!" आई भाकरी थापत होती. तिनं ऐकलं 'पट्टेवाला'. "कारकुनाचा शिपाई केला का काय तुमाला? काय करून आलाव कचेरीत?" असं विचारता विचारता तव्यावरची भाकर करपली. बाबांना भाकरीचं काही वाटलं नाही, कायद्यातला शब्द चुकल्याचं मात्र फार वाईट वाटलं.

भानगड अशी होती की बाबांसारख्या दहा-बारा कारकुनांच्या सोसायटीला लातूरबाहेर औसा रस्त्याला सरकारी जमीन मिळाली होती. विकत नव्हे, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं. घर आपण बांधायचं, जमीन सरकारची, भाडं वर्षाकाठी नावापुरतं. बाबांनी दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे टाकले आणि रोज जेवताना आम्हाला पट्ट्याच्या अटी वाचून दाखवू लागले. जागा विकायची नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, विचारल्याशिवाय खणायचं नाही, आणि जमिनीच्या पोटात जे काही सापडेल ते सरकारचं. ही शेवटची अट मला अजिबात पटली नव्हती. मोहरांचा हंडा सापडला तर तो कचेरीत नेऊन द्यावा लागणार, म्हणून मी अंगणात साधा गोट्यांचा खड्डासुद्धा करत नसे.

आईचा राग वेगळाच होता. "म्हंजी पुन्हा घरमालक आलाच की."

"अगं, सरकार आहे ते," बाबा म्हणाले.

"सरकार असू द्या न्हाई तर आनि कुनी. मालक त्यो मालकच."

तिचं काही खोटं नव्हतं. त्याआधी आम्ही गावात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मालकीणबाई तशा बोलायला गोड होत्या, पण आडाला हात लावू द्यायच्या नाहीत. आम्ही बौद्ध. आई खाली घागर धरून उभी राहायची आणि त्या ओट्यावरून कळशीनं ओतायच्या, त्यांना सवड होईल तेव्हा. निम्मं पाणी घागरीत, निम्मं आईच्या खांद्यावर. मी शेजारी उभी असायची आणि मला त्या बाईचा भयंकर राग यायचा. आईला काही विचारलं की म्हणायची, "उन्हाळ्यात गार वाटतंय." पण नव्या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी तिनं बजावून सांगितलं, "आता घागर धरून कुनाच्या दारात उभी ऱ्हायची न्हाई. मेले तरी न्हाई."

आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. टँकर सगळ्या गावात पाणी वाटून शेवटी आमच्या कॉलनीत यायचा, तेव्हा त्यातून नुसते थेंब पडायचे, आणि ड्रायव्हर वर आमच्याकडेच चहा मागायचा. बाबांनी अंगणात बोअर घेण्याची परवानगी मागणारा अर्ज केला. मग पहिल्या अर्जाची आठवण करून देणारा दुसरा अर्ज केला. शेवटी एका सकाळी ते जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या मालकीणबाईंच्या आडाला अजून पाणी आहे म्हणतात. एकदा विचारून..."

आईनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. रिकामी घागर कमरेवर घेतली, पट्ट्याचा कागद पिशवीत टाकला, माझं मनगट धरलं आणि थेट कचेरी गाठली.

दारातल्या शिपायानं विचारलं, "कोण पाहिजे?"

"घरमालक."

"इथं कोण घरमालक, बाई?"

"तुमचं सायेब. मी त्येंची भाडेकरीन हाय."

साहेबांची काहीतरी घरगुती भानगड असावी असं वाटून त्यानं आम्हाला घाईघाईनं आत सोडलं.

जमिनीचं काम बघणारे साहेब कागद उलटसुलट करून वाचत होते. आई बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "सायेब, भाडेकरूच्या घरी पानी नसलं तर कुनी बघायचं? मालकानंच की. जमिनीखाली पानी हाय, ते तुमचं. वर आमी तहानलेलो, आमी बी तुमचेच. खनू देत नसाल तर ही घागर हितंच ठिवते. भरून पाठवून द्या."

आणि तिनं ती खरोखरच टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. साहेबांनी हसू दाबलं, बाबांचे दोन्ही अर्ज शोधायला सांगितले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला खर्चात पडता? सरकारच हापसा बसवील. जागा आपलीच आहे." घरी आल्यावर बाबांनी 'आपलीच' हा शब्द माझ्याकडून तीनदा वदवून घेतला.

पंधरा दिवसांनी बोअरची गाडी आली. दिवसभर कानठळ्या बसल्या, घरभर पांढरी भुकटी झाली, आणि दिवस मावळताना पाणी लागलं. आई सगळ्या कॉलनीसमोर चक्क आवाज काढून रडली.

पुढच्या महिन्यात गावातले आडही आटले. एका सकाळी आमच्या फाटकाशी मालकीणबाई आल्या. एवढं चालत आल्यानं घामाघूम झाल्या होत्या. आत येईनात. रिकामी घागर दोन्ही हातांनी पुढं धरून तशाच उभ्या राहिल्या. मला अगदी मनापासून वाटत होतं की आईनं पायरीवर चढावं आणि वरून ओतावं, जमलं तर डोक्यावरच.

आईनं फाटक उघडलं. "या की बाई आत. हापसा अन् भरून घ्या."

त्या हापशापाशी आल्या, पण दांड्याला हात लावावा की नाही ते त्यांना कळेना.

"लावा बिनघोर हात," आई म्हणाली. "सरकारचं पानी हाय. कुनी बी शिवलं तरी बाटत न्हाई."