नसलेल्या वायूवर जनमत

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यापासून मी भाषांतरं करते. औषधांच्या पट्ट्या, ट्रॅक्टरची माहितीपत्रकं, बँकांच्या अटी, जे येईल ते. दोनेक वर्षांपूर्वी मतचाचण्या घेणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. देशात फ्रॅकिंगला परवानगी द्यावी की नाही, यावर लोकांचं मत गोळा करायचं होतं. प्रश्नावली मराठीत आणायची आणि नाशिक जिल्ह्यात विचारणी करणाऱ्या मुलींवर देखरेख ठेवायची, असं माझं काम होतं. ही चाचणी कोणाला हवी होती ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. प्रकल्पप्रमुख म्हणून जो तरुण फोनवर बोलायचा, त्यालाही ते माहीत असेल असं मला कधी वाटलं नाही.

फ्रॅकिंग म्हणजे काय हे मी तीन ओळींत लिहिलं. जमिनीत खूप खोल भोक पाडायचं, त्यात प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं सोडायची, त्या दाबाने खडकाला भेगा पडतात आणि आत अडकलेला वायू किंवा तेल वर काढता येतं. खाली एक बाजू लिहिली, देशाचं इंधन देशात निघेल. आणि दुसरी बाजू, पाणी खूप लागतं आणि ते दूषित होण्याची भीती असते. प्रकल्पप्रमुखाचा लगेच फोन आला.

"मॅम, दुसरी बाजू थोडी जड वाटते."

"जड म्हणजे?"

"म्हणजे निगेटिव्ह. न्यूट्रल ठेवा, पण थोडं पॉझिटिव्ह न्यूट्रल."

मी एक शब्दही बदलला नाही. त्यानेही पुन्हा वाचलं नाही. त्याच्या दृष्टीने विषय फोन ठेवल्यावर संपला होता.

सुरुवात शहरात केली. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात निवृत्त साहेबांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि अमेरिकेवर तासभर बोलले. त्यांचा मुलगा तिथे असतो, एवढ्या भांडवलावर. अमेरिका कशी स्वतःच्या पायावर उभी राहिली, आपल्याकडचे लोक कसे प्रत्येक गोष्टीला आडवे येतात, सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण हे फ्रॅकिंग म्हणजे नक्की कसं करतात?" मी माझ्या तीन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला. "इथे करणार आहेत का? गंगापूर धरणाजवळ वगैरे?" मी नाही म्हटलं. "मग माझा पूर्ण पाठिंबा लिहा." त्यांच्या पत्नींनी आतून चिवडा आणला. त्यांचं मत विचारलं तर साहेबच म्हणाले, "तिचं तेच."

शहरात असे बरेच भेटले. कॉलेज रोडच्या कॉफीच्या दुकानात बसलेल्या, पर्यावरणाचा पुळका असलेल्या मुलांनी कडाडून विरोध नोंदवला आणि प्रश्न पूर्ण ऐकायच्या आत नोंदवला. मला त्या साहेबांइतकीच ह्या मुलांचीही चीड आली. मत मागितलं की लोकांना आपण मोठे झाल्यासारखं वाटतं, आणि त्या मोठेपणापुढे प्रश्न ऐकून घेण्याचे कष्ट कोण घेतो?

ग्रामीण भागासाठी निफाडच्या पुढचं एक गाव निवडलेलं होतं. तिथे विचारणी करायला त्याच गावातली एक मुलगी मिळाली. मुलगी म्हणते, पण तिशी उलटलेली बाई होती. एम.ए. झालेली, गावात शिकवण्या घेणारी. घर बुद्धविहाराशेजारी. वडील ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, आई नव्हती. तिने प्रश्नावली एकदा वाचली आणि मला विचारलं, "मॅडम, लोकांनी काय उत्तर दिलं ते कोणाला कळणार नाही ना?"

"नाही. तसं आपण त्यांना आधीच सांगतो."

"मग ठीक. नाहीतर गावात राहणं अवघड होईल."

पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर फिरले. त्या गावात दोन मोठी घरं, दोन चुलतभावांची. एक माजी सरपंच, दुसऱ्याचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. दोघांना विचारताना मी शेजारी बसलेली होते. नाव नाही, गाव नाही, म्हणून इथे सांगते. माजी सरपंच म्हणाले, "देशाला लागतं ना? मग काढा. तिकडं गुजरातला काढत्यात, आसामला काढत्यात. आपलं काय जातंय?" त्यांनी परवानगी द्यावी असं नोंदवलं. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी रसायनांचं नाव ऐकताच हात झटकले. "नाय नाय. पाण्यात औषधं गेली तर आमचा माल परदेशात पास व्हायचा नाय. मालात औषधाचा अंश सापडला, रेसिड्यूचा एक रिपोर्ट खराब आला, तर कंटेनर परत येतो. बिलकुल नको." त्यांनी विरोध नोंदवला. दोघांनीही निदान स्वतःपुरतं कारण दिलं होतं. तेवढ्याने मला बरं वाटलं, हे आठवून आता हसू येतं.

चार-पाच दिवसांत काम संपलं. तिने चोख काम केलं. ज्यांना प्रश्न कळला नाही त्यांच्यापुढे 'सांगता येत नाही' असंच नोंदवलं, आणि असे लोक पुष्कळ होते. त्यावर प्रकल्पप्रमुख नाराज झाला. "मॅम, इतके लोक काहीच सांगत नाहीत म्हणजे मुलगी नीट विचारत नाही." मी म्हटलं, लोकांना माहीत नाही हेही उत्तर आहे. तो म्हणाला, "हो, पण ते प्रेझेंटेशनमध्ये चांगलं दिसत नाही."

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज दबलेला.

"मॅडम, गावात गॅस लागलाय म्हणतात."

"कुठे?"

"आमच्याच शिवारात. म्हणतात, उगीच कोणी विचारायला येतं का? खाली गॅस सापडलाय, जमिनी घेणार आहेत, म्हणून आधी लोकांचा अंदाज घेतला."

इथे कोणी वायू शोधत नव्हतं. प्रश्न सबंध देशाबद्दल होता आणि ते प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण गावाने ते वाक्य गाळून टाकलं होतं आणि उरलेल्यातून स्वतःला हवी ती गोष्ट तयार केली होती. आणि मग मतं फिरली. कोल्ड स्टोरेजवाल्यांची कालव्यापलीकडे मुरमाड जमीन होती, जिथे द्राक्ष सोडा, बाभूळही धड वाढत नव्हती. कंपनी आली तर तीच जमीन जाईल आणि भाव मिळेल, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं. रेसिड्यू, परदेश, कंटेनर, सगळं विसरून ते विकासाच्या बाजूने उभे राहिले. माजी सरपंचांना ग्रामपंचायतीची निवडणूक दिसत होती. भाऊ ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूला उभं राहणं त्यांना भागच होतं. त्यांनी द्राक्ष बचाव समिती काढली. वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेले माजी सरपंच आणि मागे द्राक्षाचा घड, घडाला ज्वाळा लागलेल्या. ते चित्र मी स्वतः पाहिलं. कोणीतरी बसून, विचार करून ते बनवलं होतं.

मग समितीचा मोर्चा तहसीलला गेला. दुसऱ्या बाजूने पाठिंब्याचं निवेदन गेलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही निवेदनं घेतली, कशाबद्दल आहेत हे न विचारता. गावाला तेवढा पुरावा पुरला. सरकारने अर्ज घेतले म्हणजे गॅस आहेच.

आणि मग दोन्ही बाजूंना एक गोष्ट सारखीच पटली, की ह्या सगळ्याच्या मुळाशी ती मुलगी आहे. विरोधक म्हणायचे, हिने कंपनीकडून पैसे खाऊन गाव विकायला काढलं. समर्थक म्हणायचे, हिने मुद्दाम 'सांगता येत नाही' असं लिहून पाठवलं म्हणून कंपनी यायची थांबली. शिकवणीची मुलं एकेक करून बंद झाली. एका घरातल्या बाईने दारातूनच सांगितलं, "आमच्यात येऊन प्रश्न विचारायची हिंमत कशी झाली, ते आता कळलं." ह्या वाक्याचा गॅसशी काही संबंध नव्हता, हे मला आणि तिला दोघींना कळत होतं.

ग्रामपंचायतीत बैठक बोलावली आणि मलाही बोलावणं आलं. सकाळी मी नाशिकहून गेले. हॉल भरलेला. दोघे भाऊ दोन टोकांना, आपापल्या माणसांत. तिचे वडील शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून. ती पुढे, एकटी, खुर्चीवर. मी तिच्याशेजारी बसले.

मी उभं राहून सांगितलं की ही फक्त मतचाचणी होती. इथे वायू सापडलेला नाही, कोणी शोधतही नाही, कोणाचीही जमीन जाणार नाही. हॉलमध्ये कुजबूज झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग इचारलं कशाला?"

मी देशाचं धोरण, लोकांचा कौल असं काहीबाही बोलले. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"ह्या कंपनीच्याच बाई हायेत," कोल्ड स्टोरेजवाले म्हणाले. "त्या कशाला खरं सांगतील? पण आमचं म्हणणं एवढंच हाय, गावात चांगलं काम येत हुतं, ते ह्या पोरीनं घालवलं."

"घालवलं?" माजी सरपंच उसळले. "आणलं म्हणा! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, हे इष आमच्या शिवारात नको. पहिल्या दिवसापासून!"

पहिल्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. त्यांच्याच घरचा चहा प्याले होते. त्यांनी "काढा" म्हटलेलं माझ्या कानात होतं, आणि दुसऱ्याने "बिलकुल नको" म्हटलेलंही. दोघेही आता एकमेकांची मतं घालून उभे होते आणि दोघांनाही लाज म्हणून वाटत नव्हती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने शेजारच्या खुर्चीवरून माझं मनगट धरलं.

"मॅडम, नको," ती अगदी हळू म्हणाली. "आपण शब्द दिलाय त्यांना."

एका वाक्यात सगळा हॉल गप्प करता आला असता. आणि जिच्या अंगावर ते धावून येत होते तीच मला अडवत होती. मी तोंड मिटलं. अजूनही कधीकधी वाटतं, बोलायला हवं होतं.

ग्रामसेवकाने कागद पुढे केला. तिने चूक झाली, गावाची दिशाभूल केली असं लिहून द्यावं, म्हणजे विषय मिटेल. ह्यावर दोन्ही भावांचं एकमत होतं. महिनाभरात पहिल्यांदाच.

"मी नाही देणार," ती म्हणाली.

"अगं, दोन वळी तर हायेत."

"दोन असू द्या नाहीतर एक. मी दिशाभूल केलेली नाही."

कोणीतरी मागे वळून तिच्या वडिलांना म्हणालं, "समजावा पोरीला." ते उठले. मला वाटलं, आता ते तिच्या बाजूने बोलतील. आयुष्यभर कारखान्यात युनियनच्या सभांना जाणारा माणूस. ते म्हणाले, "दे बाई लिहून. आपल्याला ह्यांच्यातच राहायचंय."

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही राहा, बाबा," एवढंच म्हणून उठली. मीही उठले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मागे दोन्ही गट एकमेकांत मिसळून, मोठमोठ्याने, आमच्याबद्दल बोलत होते.

गाडीत ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मला चहा प्यायचाय. इथे नको, ओझरला थांबू." ओझरला हायवेवरच्या हॉटेलात तिने दोन कप चहा घेतला, वडापाव खाल्ला आणि मग विचारलं, "नाशिकमध्ये खोली मिळेल का कुठे, एकटीला?"

मिळाली, पण सहज नाही. आडनाव ऐकून दोन घरमालकांची खोली अचानक भाड्याने गेलेली निघाली. एक तर कॉलेज रोडचेच, पुरोगामी म्हणून ओळखले जाणारे. शेवटी तिच्या मावशीच्या ओळखीने शहरातल्या एका कॉलनीत वरचा मजला मिळाला. खाजगी शाळेत नोकरी लागली. आता नववी-दहावीला मराठी शिकवते, आणि मुलं तिला वचकून असतात असं ऐकते.

मतचाचणीचा अहवाल आला. त्यात नाशिक जिल्हा ह्या विषयावर विशेष जागरूक असल्याचं लिहिलं होतं आणि पुरावा म्हणून तहसीलवरच्या मोर्चाचा फोटो होता, ज्वाळा लागलेल्या द्राक्षांसकट. प्रकल्पप्रमुखाने मला अभिनंदनाचा मेसेज पाठवला. "ग्रेट एंगेजमेंट, मॅम." मी त्या कंपनीचं पुन्हा काम घेतलं नाही. त्यामुळे त्यांचं काही अडलं असेल असं वाटत नाही.

गावात माजी सरपंचांचं पॅनल निवडून आलं. गॅस कंपनीला पळवून लावल्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी पुढच्या हंगामात भावाचा माल ठेवून घ्यायला नकार दिला, आणि दोन्ही घरांतलं लग्नकार्याचं येणंजाणं बंद पडलं. ह्यातल्या एकाचीही मला कीव येत नाही.

तिचे वडील वर्षभराने तिच्याकडे राहायला आले. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. ते खाली कट्ट्यावर कॉलनीतल्या दोन-तीन निवृत्त मंडळींबरोबर बसले होते. जिन्याकडे जाताना माझ्या कानावर पडलं. ते सांगत होते, "आमच्या गावाखाली मोठा गॅस लागला होता. कंपनी आलीच होती. माझ्या पोरीनं एकटीनं थांबवली. सही नाही केली म्हणजे नाही केली."

ऐकणारे माना डोलवत होते. एकाने विचारलं, "पण काढायला पाहिजे होता ना? देशाचा फायदा झाला असता." दुसरा म्हणाला, "छे, बरं झालं." आणि तिथेच त्यांचा वाद सुरू झाला.

मी वर जाऊन तिला सांगितलं. ती वह्या तपासत होती.

"माहितीये," ती म्हणाली. "रोज सांगतात. दोनदा खरं काय ते समजावलं. ऐकत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. बसा, पोहे करते."