मामा तलावातला देवमासा

कधीही समुद्र न पाहता स्वतःला देवमासा समजणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच, आणि तो माझा मामेसासरा निघावा, हे माझं भाग्य. तिरोड्याजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या मालगुजार पूर्वजांनी बांधलेला तलाव आहे. असल्या माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदांत थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. मामांना मात्र ते नाव आपल्यावरूनच पडलं असं वाटतं. देह अगडबंब. सकाळी ते पाण्यात उतरले की धुणं धुणाऱ्या बायका एक पायरी वर सरकतात.

एकदा त्यांनी टीव्हीवर पाहिलं, की समुद्रातलं विष देवमाशाच्या चरबीत साठतं, म्हणून शास्त्रज्ञ ती चरबी तपासून समुद्राची तब्येत ओळखतात. मामा जेवता जेवता थांबले. हे घरात पहिल्यांदाच घडत होतं. म्हणाले, “जवाईबापू, आपल्या तलावात चाळीस वर्षांपासून कोन डुंबून राहिला? अन् चरबी कोनापाशी हाये?”

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते गोंदियाच्या एका प्रयोगशाळेत हजर. “माही चरबी तपासा. धानावरच्या फवारनीचं औषध किती उतरलं, ते सांगा.” तिथला माणूस शांतपणे म्हणाला, “काकाजी, यहाँ शुगर चेक होती है.” मामांनी शुगर तपासून घेतली. ती भरपूर निघाली, आणि त्याचंही खापर त्यांनी तलावातल्या औषधावर फोडलं.

रिपोर्ट घेऊन ते ग्रामसभेत गेले, सदरा काढला आणि पाठीवरचे लाल चट्टे गावाला दाखवले. “तुमी फवारनीचे पंप तलावात धुऊन राहिले. हा पाहा तलावाचा रिपोर्ट.”

सरपंचबाई खाली बघत म्हणाल्या, “मामाजी, सदरा घाला.”

“पंप धुनं बंद करा, घालतो.”

तीन ग्रामसभा ते तसेच बसले. चौथीच्या आधी गावाने पंप धुवायची सोय तलावापासून लांब, बोअरजवळ केली. तलावासाठी की सदऱ्यासाठी, यावर माझ्या बायकोचं आणि माझं अजून एकमत नाही.

हळूहळू चट्टे गेले. पण साखर राहिली, गुडघे गेले, आणि डॉक्टरांनी तलावात उतरायला मनाई केली. आता मामा काठावर खुर्ची टाकून बसतात. या दिवाळीत त्यांनी मला पाण्यात उतरवलं.

“कसं लागून राहिलं पानी?”

“चांगलं आहे, मामाजी. थंड आहे.”

“थंडच रायते या दिवसात,” ते म्हणाले. मी बाहेर येऊ लागलो, तसे हळूच म्हणाले, “एवढ्यात काऊन निघून राहिले? थांबा ना जरासे.”

बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत मी पाण्यात थांबलो.